एआयच्या मदतीने ओपन सोर्समध्ये पॅच पाठवताय? आधी हे करून घ्या

गूगल समर ऑफ कोडचे (नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायला लावणाऱ्या गूगलच्या उपक्रमाचे) अर्ज जवळ आले की इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये एकच लगबग उडते. कुठल्या तरी प्रकल्पात दोन-चार पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल किंवा पॅच मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) मर्ज झालेले दाखवायचे असतात. पूर्वी पहिल्या पीआरपर्यंत पोचायला आठवडा-दोन आठवडे जायचे. आता इश्यूची (प्रकल्पात नोंदवलेल्या बगची किंवा कामाची) लिंक एजंटला (स्वतः कोड लिहिणाऱ्या एआय टूलला) दिली की चहा संपेपर्यंत कोड, टेस्ट आणि वर्णन तयार असतं.

अडचण पलीकडच्या टोकाला आहे. तो पीआर वाचणारा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, बहुतेक वेळा नोकरी सांभाळून रात्री तासभर काढणारा स्वयंसेवक असतो, आणि त्याचं वाचन काही दहा मिनिटांत उरकत नाही. अनोळखी माणसाच्या चारशे ओळी नीट तपासायच्या तर संध्याकाळ जाते. तुमचा वाचलेला वेळ असा त्याच्या खात्यातून वजा होतो. एआय वापरावं की नाही यावर प्रकल्पांची मतं वेगवेगळी आहेत, पण हा हिशोब कुणालाच मान्य नाही. खालचे टप्पे तो हिशोब सरळ ठेवण्यासाठी आहेत.

सुरुवातीला जवळ काय हवं

- प्रकल्पाची कॉन्ट्रिब्युटिंग फाइल, लायसन्स फाइल आणि पीआरचा साचा. तिन्ही पूर्ण वाचलेले.
- तुमच्या मशीनवर बिल्ड होणारी प्रत आणि तिथे चालणारे जुने टेस्ट. हे नसेल तर पुढचं काहीच करू नका.
- गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) तुमचं नाव आणि चालू ईमेल.
- नोकरी करत असाल तर कंपनीची लेखी परवानगी, किंवा करारातलं ते कलम जे मोकळ्या वेळेतल्या कोडबद्दल बोलतं.
- एक साधी टिपणवही: कुठलं टूल, कुठलं मॉडेल, कशासाठी वापरलं. पाचव्या टप्प्यात ती लागते, आणि तेव्हा आठवून लिहायला गेलात तर चुका होतात.

१. प्रकल्पाचं धोरण शोधा

धोरण एका ठरलेल्या जागी नसतं. आधी कॉन्ट्रिब्युटिंग फाइल, मग डेव्हलपरांसाठीच्या डॉक्युमेंटेशनमधलं 'पॅच पाठवणे' हे पान, मग पीआरचा साचा, या क्रमाने बघा.

काही ठिकाणी दार बंद आहे. जेंटू लिनक्सच्या कौन्सिलने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने बनवलेल्या मजकुरावर बंदी घातली आणि कारणं तीन दिली: कॉपीराइट, दर्जा आणि नैतिकता. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने त्याच वर्षी असा कोड 'दूषित' मानला जाईल असं लिहिलं; कोअर टीमच्या लेखी मंजुरीशिवाय तो आत जात नाही. संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने २०२५ मध्ये अशी योगदानं नाकारायचं ठरवलं. सर्वो या ब्राउझर इंजिनच्या प्रकल्पातही बंदी आहे.

काही ठिकाणी दार उघडं आहे, पण नाव सांगून आत यायचं. फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेलं धोरण एआयची मदत चालवून घेतं; जबाबदारी मात्र पूर्णपणे पाठवणाऱ्याची. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि एलएलव्हीएम (कंपायलरचा प्रकल्प) यांचीही भूमिका साधारण अशीच आहे. घोस्टी या टर्मिनल एम्युलेटरच्या प्रकल्पाने ऑगस्ट २०२५ पासून खुलासा सक्तीचा केला.

इथे नवखे तीन ठिकाणी फसतात. पहिलं, बंदी फक्त कोडवर आहे असं समजणं. जेंटूच्या नियमात 'मजकूर' असा शब्द आहे, म्हणजे डॉक्युमेंटेशनही आलं. दुसरं, रिपोमध्ये (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) 'एजंट्स डॉट एमडी' नावाची फाइल दिसली म्हणजे परवानगी आहे असं धरणं. त्या फाइलमध्ये टूलसाठी सूचना असतात, आणि ती कधी कधी मेंटेनरांनी स्वतःच्या वापरासाठी ठेवलेली असते. तिसरं, काहीच लिहिलेलं नाही म्हणजे चालतं असा अर्थ काढणं. अशा वेळी इश्यूवरच एका ओळीत विचारा: 'या कामात अमुक टूलची मदत घेतली तर चालेल का?' उत्तर येईपर्यंत हाताने लिहा. परवानगी मागायला गेल्यासारखं वाटेल, पण मेंटेनर असे प्रश्न लक्षात ठेवतात, आणि चांगल्या अर्थाने.

२. इश्यू निवडताना

'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेलं काम एजंटला देऊ नका. मेंटेनरला ते काम स्वतः पंधरा मिनिटांत करता आलं असतं. नवीन माणसाला बिल्ड, टेस्ट, रिव्ह्यू या वाटेने एकदा चालता यावं म्हणून त्याने ते मुद्दाम बाकी ठेवलेलं असतं. वर समजावून सांगायला तो दुप्पट वेळही देतो. तिथे एजंटने उत्तर दिलं तर बग सुटतो, पण ज्यासाठी तो ठेवला होता ते राहून जातं. एलएलव्हीएमच्या धोरणात अशा इश्यूंवर एआय टूल वापरायला स्पष्ट मनाई आहे.

फुटकळ पीआरचं काय होतं ते एआयच्या आधीपासून माहीत आहे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमात ठरावीक पीआर पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली त्यासाठी रीडमी फाइलमध्ये 'अप्रतिम प्रकल्प' असे शब्द घुसडणाऱ्या पीआरचा एवढा पूर आला की काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून नाव नोंदवतील तेवढेच मोजायचे असं ठरवावं लागलं. त्या पुरात भारतातून गेलेले पीआर भरपूर होते. तो डाग अजून पुरता गेलेला नाही, आणि नवीन भारतीय प्रोफाइलचा पहिला पीआर काही ठिकाणी आजही जरा संशयानेच उघडला जातो. अन्याय आहे, पण माहीत असलेला बरा.

निवडताना एवढं बघा: इश्यू कुणाला दिलेला नाही ना, त्यावर आधीच पीआर उघडा नाही ना, आणि शेवटची चर्चा वाचल्यावर 'नक्की काय बदलायचं' हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येतं ना. पहिला पॅच शंभर ओळींच्या आत ठेवा. एका वेळी एकच पीआर उघडा.

३. सही करण्याआधी तिचा अर्थ समजून घ्या

बऱ्याच प्रकल्पांत कमिटच्या (गिटमधल्या बदलाच्या नोंदीच्या) शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. कमिटच्या कमांडला 'उणे एस' (लहान एस) जोडलं की ती आपोआप येते, म्हणून लोक तिला टेक्निकल सोपस्कार समजतात. प्रत्यक्षात ते 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' या प्रमाणपत्राखाली केलेलं विधान आहे. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून आयबीएमला कोर्टात खेचलं; त्यानंतर २००४ मध्ये कर्नलने ही पद्धत आणली, म्हणजे कुठली ओळ कुठून आली याचा माग राहावा.

प्रमाणपत्रात चार कलमं आहेत. हे काम पूर्ण किंवा काही अंशी मी केलं आणि या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे. किंवा हे आधीच्या अशा कामावर बेतलेलं आहे ज्याचं लायसन्स मला तशी मुभा देतं. किंवा असंच प्रमाणपत्र देणाऱ्या माणसाकडून हे जसंच्या तसं माझ्याकडे आलं. चौथं कलम असं की ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे.

आता मॉडेलने दिलेली दोनशे ओळींची फाइल समोर ठेवा आणि यातलं कुठलं कलम लागू होतं ते ठरवा. लिहिलं तुम्ही नाही. ती कशावर बेतलेली आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. मॉडेल म्हणजे प्रमाणपत्र देणारा माणूस नव्हे. क्यूईएमयूने नकार देताना नेमकी हीच अडचण पुढे केली. मदत चालवून घेणारे प्रकल्प ती वेगळ्या बाजूने सोडवतात: माणसाने तपासावं, बदलावं आणि स्वतःच्या नावावर जोखीम घ्यावी.

कायद्याकडून इथे फारसा आधार मिळत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं की नुसत्या प्रॉम्प्टच्या जोरावर निघालेल्या मजकुरावर कॉपीराइट मिळत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे 'ती निर्माण करवणारी व्यक्ती' अशी व्याख्या आहे. ती वाचून हुरळून जाऊ नका. ती कर्ता कोण ते सांगते. मॉडेलने ओकलेला तुकडा दुसऱ्याच्या जीपीएल लायसन्सखालच्या कोडची नक्कल आहे का, या प्रश्नाला ती हातही लावत नाही.

मग करायचं काय:

- मॉडेलने लांबलचक, पॉलिश केलेलं फंक्शन दिलं आणि त्यात विचित्र नावाची व्हेरिएबल किंवा कुणाच्या तरी शैलीतल्या कॉमेंट असल्या, तर त्या ओळी अवतरणचिन्हांत घालून कोड सर्चमध्ये शोधा. जुळणी सापडली तर फेकून द्या. नावं बदलून वापरू नका, ती चोरीच राहते.
- कमिट झाल्यावर शेवटची नोंद उघडून बघा. काही टूल स्वतःचं नाव सहलेखक म्हणून गुपचूप घालतात. कर्नलच्या नियमानुसार 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ एआयने घालायचीच नाही. ती माणसानेच घालायची.
- कंपनीचा अंतर्गत कोड संदर्भ म्हणून प्रॉम्प्टमध्ये चिकटवू नका. तो एका बाजूने बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूने पॅचमध्ये उतरतो. नोकरी जायला यातलं एकही पुरतं.

४. कोड तपासा: आधी लाल, मग हिरवा

मॉडेलच्या कोडमधल्या चुका नवख्या माणसाच्या चुकांसारख्या दिसत नाहीत, त्यामुळे त्या निसटतात. इंडेंटेशन सुबक, नावं नेटकी, कॉमेंट जागच्या जागी. आणि आत एक फंक्शन बोलावलेलं, जे या प्रकल्पाच्या चालू आवृत्तीत नाहीच.

सर्वांत जास्त फसवतो तो टेस्ट. समजा, तारखेचं पार्सिंग चुकतं असा बग आहे. एजंट दुरुस्ती देतो, टेस्टही देतो, टेस्ट पास होतो. नीट बघितलं तर टेस्टमध्ये पार्सरच्या जागी नकली वस्तू ठेवलेली असते आणि ती हवं तेच उत्तर परत देते. तो टेस्ट जन्मात नापास होणार नाही. ओळखायची रीत सोपी आहे:

(क) तुमची दुरुस्ती बाजूला ठेवा, फक्त टेस्ट ठेवा.
(ख) टेस्ट चालवा. तो लाल (नापास) यायलाच हवा, आणि इश्यूत सांगितलेल्याच कारणाने लाल यायला हवा. इम्पोर्ट चुकल्यामुळे आलेला लाल मोजायचा नाही.
(ग) दुरुस्ती परत लावा. आता हिरवा (पास) यायला हवा.
(घ) सगळे जुने टेस्ट चालवा.

पायरी 'ख' ला हिरवा आला तर टेस्ट खोटा आहे. दुरुस्तीही बहुधा खोटीच असते.

यानंतर बदल एकगठ्ठा न घेता तुकड्या-तुकड्याने स्टेज करा (कमिटसाठी निवडा). गिटमध्ये त्यासाठी पॅच मोड आहे. प्रत्येक तुकड्यापाशी थांबा आणि हा नसता तर काय बिघडलं असतं ते मनाशी सांगा. सांगता आलं नाही तर तुकडा काढा. बहुतेक वेळा असे तुकडे सापडतात: जिथे पॉइंटर रिकामा असूच शकत नाही तिथे घातलेली तपासणी, सगळे एक्सेप्शन गिळून टाकणारा ब्लॉक, न विचारता बदललेलं फॉरमॅटिंग, आणि इश्यूशी संबंध नसलेली 'सुधारणा'. सी भाषेतल्या कोडमध्ये मधूनच बाहेर पडणारी वाट खास तपासा. मेमरी घेतली, पुढची पायरी फसली, फंक्शन परतलं आणि मेमरी तशीच राहिली, हा प्रकार वरवर वाचून दिसत नाही.

नवीन पॅकेज सुचवलं असेल तर हात आखडता घ्या. मॉडेल अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावं ठोकून देतात, आणि तीच नावं आधी नोंदवून त्यात घातक कोड ठेवायचा धंदा सुरू झालेला आहे. पॅकेज कधीपासून आहे आणि प्रकल्पात दुसरीकडे कुठे वापरलंय, हे बघितल्याशिवाय इन्स्टॉलसुद्धा करू नका.

५. खुलासा कसा लिहायचा

एडिटरने ओळीचा शेवट पुरा केला, एवढ्यासाठी सहसा खुलासा लागत नाही. फंक्शन, टेस्ट किंवा परिच्छेद मॉडेलकडून आला असेल तर लिहा. कर्नल आणि फेडोरा 'असिस्टेड-बाय' ही ओळ वापरतात. कर्नलमध्ये तिच्यापुढे टूल आणि मॉडेलची आवृत्ती येते. अपाचे फाउंडेशनच्या मार्गदर्शनात 'जनरेटेड-बाय' असा शब्द आहे. प्रकल्पाचा जो शब्द असेल तोच घ्या.

'काही प्रमाणात एआयची मदत घेतली' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण रिव्ह्यू करणाऱ्याला कुठे जास्त बारकाईने बघायचं ते त्यातून कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'पार्सरमधली दुरुस्ती माझी आहे. टेस्ट फाइलचा पहिला मसुदा अमुक मॉडेलने दिला. त्यातले दोन टेस्ट मी काढले, कारण ते दुरुस्तीशिवायही पास होत होते. लीप वर्षाचा टेस्ट मी लिहिला. विंडोजवर चालवून बघितलेलं नाही.'

शेवटच्या वाक्याने विश्वास वाढतो. काय केलं नाही हे सांगणारे पीआर फार थोडे असतात.

पीआरचं वर्णन स्वतः लिहा. मराठी माध्यमातून आलेल्यांची इथे इंग्रजीच्या भीतीने गाळण उडते आणि ते वर्णन मॉडेलकडून घेतात. मग चार वाक्यांच्या बदलाला सहा मथळे, ठळक अक्षरं आणि हिरव्या टिकल्यांची रांग येते, आणि पहिल्याच नजरेत पीआर संशयित ठरतो. मोडक्या इंग्रजीतली चार वाक्यं कुठल्याही मेंटेनरला चालतात. अगदीच अडलं तर मराठीत लिहा, भाषांतर करून घ्या, आणि भाषांतर यंत्राने केलंय हे शेवटी नमूद करा. बंदी असलेल्या प्रकल्पात तेही चालतं का, ते आधी विचारा.

६. सुरक्षेचे बग: इथे दुप्पट सावध

कर्ल हे नेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं टूल जगभरच्या अगणित उपकरणांत आहे आणि ते मूठभर लोक सांभाळतात. त्याचे मुख्य डेव्हलपर डॅनियल स्टेनबर्ग जानेवारी २०२४ पासून एआयने रचलेल्या बनावट सुरक्षा अहवालांबद्दल जाहीरपणे लिहीत आले. सुरक्षेचा अहवाल बाजूला ठेवता येत नाही. हातातलं काम टाकून तो बघावाच लागतो, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला तो रचण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. मे २०२५ मध्ये कर्लने अहवालाच्या फॉर्ममध्ये एआय वापरलं का हा प्रश्न घातला. जानेवारी २०२६ अखेर त्यांनी २०१९ पासून चालवलेली बग बाउंटीच (त्रुटी शोधणाऱ्याला बक्षीस देण्याची योजनाच) बंद केली.

त्याच प्रकल्पात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एआयवर चालणाऱ्या विश्लेषण टूलांनी शोधलेल्या त्रुटींची एक यादी आली. तिच्यातल्या बऱ्याच त्रुटी खऱ्या निघाल्या आणि दुरुस्तही झाल्या. टूल चालवणाऱ्याला सुरक्षेची जाण होती, म्हणून ती यादी कामाची ठरली.

अहवाल पाठवायचा तर यातलं सगळं हवं: नेमकी आवृत्ती किंवा कमिट, बिल्ड कशी केली, बग घडवणारी कमांड, तुमच्या मशीनवर मिळालेलं खरं आउटपुट, आणि हल्लेखोराला तिथवर पोचता येतं कसं. ॲड्रेस सॅनिटायझरचं (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलचं) आउटपुट मॉडेलने 'असं दिसेल' म्हणून दिलेलं असेल तर ते बनावट पुरावा आहे. बग घडवता आला नाही तर पाठवू नका.

७. मराठी भाषांतराचं काम

कोड येत नसेल तर भाषांतर करा, असं सर्रास सांगितलं जातं. लिब्रे ऑफिससाठी वेबलेट आणि मोझिलासाठी पाँटून, या मंचांवर मराठीचं काम चालतं. इथे एआयचा मोह सर्वांत मोठा आणि राखणदार सर्वांत कमी. अख्ख्या प्रकल्पाचं मराठी एक-दोन माणसं बघत असतात. कुणी एका रात्रीत हजार ओळी ओतल्या तर त्या वाचणार कोण?

मॉडेलला संदर्भ दिसत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमधलं 'पोर्ट' त्याच्या हातून 'बंदर' होतं, 'लाइट' थीम 'हलकी' होते, 'सेव्ह'चं कधी 'वाचवा' होतं आणि कधी हिंदीच्या वासाने 'सहेजा'. 'पृष्ठ लोड करण्यात अयशस्वी' हे तर आता इतकं पसरलंय की माणसंही तसंच लिहितात. 'पान उघडता आलं नाही' असं म्हणायला काय हरकत आहे?

पाठवण्याआधी चार गोष्टी बघा. टक्केचिन्हाने सुरू होणारे किंवा महिरपी कंसातले राखीव शब्द जसेच्या तसे आहेत का. ते हलले तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. एकवचन-अनेकवचन दोन्ही भरलंय का. '१ फाइल हटवली' आणि '५ फाइली हटवल्या'. एकच शब्द सगळीकडे एकच आहे का, की कुठे सेटिंग्ज, कुठे मांडणी, कुठे संयोजना. आणि 'दुसऱ्या', 'पुऱ्या' यांतला ऱ्य नीट आहे का. मॉडेल तिथे बऱ्याचदा रफार टाकून 'दुसर्या' लिहितं. शोधा-बदला करून हे सुधारू नका, नाहीतर 'कार्य' आणि 'सूर्य' यांचीही वाट लागेल.

सुरुवातीला वीस-पंचवीस ओळी, त्याही 'सूचना' म्हणून टाका आणि त्या स्क्रीनवर कशा दिसतात ते प्रोग्रॅम चालवून बघा.

८. पाठवल्यानंतर

रिव्ह्यूमधला प्रश्न मॉडेलमध्ये चिकटवून आलेलं उत्तर परत चिकटवू नका. मग मेंटेनर तुमच्यामार्फत यंत्राशी बोलत बसतो, आणि ते त्याला घरबसल्या स्वतःला करता येतं. 'हे मला कळलं नाही, बघून उद्या सांगतो' हे उत्तर चालतं. दोन-तीन दिवस लागले तरी चालतात.

पीआर एआयचा म्हणून बंद झाला आणि तुम्ही खुलासा केला नव्हता, तर एका वाक्यात कबूल करा आणि तिथेच थांबा. वाद घालू नका, दुसऱ्या अकाउंटवरून तोच पीआर उघडू नका. खुलासा करूनही बंद झाला तर कारण विचारायला हरकत नाही, एकदाच.

मर्ज झाला तर त्या पीआरच्या सूचना (नोटिफिकेशन) निदान सहा महिने चालू ठेवा. कर्नलमध्ये तुमच्या पॅचमुळे काही मोडलं की दुरुस्ती करणारा माणूस 'फिक्सेस' या ओळीत तुमचा कमिट लिहितो आणि मेल तुम्हालाही येतो. तो मेल आला की एडिटर उघडा, आधी स्वतः वाचा, आणि त्याच दिवशी निदान पोच द्या.